कुर्ल्याचा दगड

असल्फा मेट्रो स्थानकाचा जिना उतरून टेकडीकडे वळले की डांबरी रस्ता फार वेळ सोबत करत नाही. दोन दुकानांमधल्या बोळातून पायऱ्या सुरू होतात आणि पुढे पायऱ्या हाच रस्ता होतो. दर चार-सहा पायऱ्यांवर एक दार, दाराशी पाण्याचे निळे पिंप, पिंपाला लागून डब्यात लावलेली तुळस, डोक्यावर तारांचे जाळे. २०१७च्या डिसेंबरात ‘चल रंग दे’ उपक्रमाच्या स्वयंसेवकांनी इथल्या भिंती पिवळ्या, गुलाबी, जांभळ्या रंगवल्या. तेव्हापासून मेट्रोच्या खिडकीतून लोक या टेकडीचे फोटो काढतात. चढणाऱ्याची नजर मात्र रंगांवर कमी आणि पायाखाली जास्त असते, कारण चढ उभा आहे आणि पायरीला पायरी सारखी नाही.

वर पोचल्यावर सगळा मुलूख एका नजरेत येतो. दक्षिणेला कुर्ल्याची दाट वस्ती आणि रेल्वेचे रूळ, पश्चिमेला विमानतळ, उत्तरेला साकीनाका, चांदिवली आणि पवई. या पट्ट्यातल्या टेकड्या सरळ उतरत नाहीत. त्यांच्या कुशी मध्येच तासलेल्या आहेत, उभ्या कड्यांच्या तळाशी सपाट जागा आहे आणि त्या सपाटीवर इमारती. तिथे दगडाच्या खदानी होत्या.

सोडून दिलेली खाणवस्ती पाहायला लोक दूरच्या डोंगरांत पायपीट करतात. मुंबईकराला त्यासाठी कुर्ला तालुक्याबाहेरही पडावे लागत नाही. फरक एवढाच, की इथे खाणी ओस पडल्या. वस्ती ओस पडली नाही, उलट वाढत गेली. फोर्टातल्या ज्या इमारतींसाठी मुंबईचे नाव जगभर घेतले जाते, त्यांच्या इतिहासाचे पहिले पान या परिसरात आहे. ते पान वाचल्याशिवाय त्या इमारतींची गोष्ट पुरी होत नाही.

पुराव्याला तीन इमारती पुरेत.

पहिली क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा ज्योतिबा फुले मंडई. विल्यम इमर्सन यांनी आखणी केलेली ही इमारत १८६९ मध्ये पुरी झाली. शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव तिला मिळाले. दर्शनी भिंतीवरची शेतकऱ्यांची शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची. भिंती मात्र कुर्ल्याच्या पिवळसर, खरबरीत दगडाच्या आहेत आणि त्यांना जोड आहे वसईच्या तांबड्या दगडाची. दुसरी इमारत मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी, १८७८च्या नोव्हेंबरात काम पूर्ण, उंची २८० फूट. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, देणगी कापसाच्या व्यापारातले बडे प्रस्थ प्रेमचंद रायचंद यांची, नाव त्यांच्या मातोश्रींचे. हा मनोराही कुर्ल्याच्या पिवळसर दगडात उभा आहे. तिसरी इमारत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तिची कोनशिला बसली, जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार १९१४ मध्ये बांधकाम संपले आणि १० जानेवारी १९२२ रोजी संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणाऱ्या त्याच्या घुमटाखालच्या भिंतींत कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट शेजारी शेजारी बसले आहेत.

वास्तुविशारद, देणगीदार, कमिशनर या सगळ्यांची नावे इतिहासात आहेत. दगडाच्या गावाचे नाव जाणकारांच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत येते. दगड काढणाऱ्यांची नावे कुठेच नाहीत.

दगड काढला गेला तेव्हाचे कुर्ला हे मुंबई शहराबाहेरचे गाव होते. साष्टी बेट इंग्रजांनी १७७४ मध्ये मराठ्यांकडून घेतले. पुढे १८०८ मध्ये मुंबईतल्या अपोलो दरवाजाजवळच्या एका जागेच्या बदल्यात त्यांनी कुर्ल्यासह सात गावे होरमसजी बमनजी वाडिया या पारशी व्यापाऱ्याला देऊन टाकली. कुर्ला, मोहिली, कोलेकल्याण, मरोळ, सहार, असल्फे आणि परजापूर ही ती गावे. वर्षाला ३,५८७ रुपये सारा ठरला. १८४०-४१ मध्ये अर्देसर होरमसजी यांनी ६६ हजारांहून जास्त रक्कम एकदम भरून हा साराही कायमचा सोडवून घेतला. शहरातल्या एका मोक्याच्या जागेपोटी सात गावांची शेते, खाजणे आणि टेकड्या खासगी मालकीच्या झाल्या. यांतले असल्फे सुरुवातीलाच येऊन गेले आहे आणि मोहिलीचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये तेव्हा खाडी होती. गव्हर्नर डंकन यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, तिच्यावर बांध घालून रस्ता झाला आणि कुर्ला मुंबईशी जोडले गेले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, ती याच वाटेने. डोंगर जवळ, रस्ता तयार, रूळ शेजारी. जड मालाच्या धंद्याला आणखी काय हवे?

मागणी आली ती १८६०च्या दशकात. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, हिंदुस्थानी कापसाचा भाव कडाडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचे जुने तट पाडायला काढले. मोकळ्या झालेल्या जागेवर कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ, तारघर अशी इमारतींची रांग उभी राहू लागली. १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला आणि कित्येक पेढ्या बुडाल्या, तरी सरकारी बांधकामे थांबली नाहीत. या सगळ्याला लागणारा दगड साता समुद्रांपलीकडून आणणे परवडण्यासारखे नव्हते. तो बैलगाडीच्या आणि मालगाडीच्या टप्प्यात मिळायला हवा होता.

कुर्ल्याच्या दगडात मुंबईला हवे होते ते गुण होते. इथला खडक दख्खनच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्यातून आणि राखेतून घडलेला, काही कोटी वर्षांचा जुना. त्यातला करडा बेसाल्ट घट्ट आणि जड. चार महिने कोसळणारा पाऊस आणि समुद्राची खारी हवा तो निमूट सोसतो. पण तो कोरायला महाकठीण. छिन्नीला दाद देत नाही, पाने-फुले उमटवायला गेले तर टवके उडतात. म्हणून मुंबईच्या वास्तुकारांनी कामाची वाटणी केली. भिंतीचा भार इथल्या कणखर दगडावर टाकला आणि नक्षीसाठी पोरबंदरचा मऊ चुनखडक गलबतांतून मागवला. राजाबाई टॉवरच्या वरच्या भागात पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातिजमातींचे २४ पुतळे आहेत. ते सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले, तेही पोरबंदरी दगडात. ते पुतळे आणि ती नक्षी लोकांच्या नजरेत भरते. त्यांना वर तोलून धरणाऱ्या भिंतीपाशी कोणी थांबत नाही.

तिथे थांबायला हवे. फुले मंडईच्या बाहेरच्या भिंतीजवळ उभे राहून पाहिले तर दगडांचे थर ओळीने बसवलेले दिसतात. दगडाचा चेहरा गुळगुळीत नाही. मध्ये थोडा फुगीर ठेवून कडा तेवढ्या टाकीने सरळ केल्या आहेत. दगड नीट निरखला तर टाकीचे घाव अजून दिसतात, बारीक आणि तिरपे. प्रत्येक घावामागे घडवणाऱ्याचा एक ठोका आहे. एका भिंतीत असे किती ठोके असतील याचा हिशेब करू पाहणाऱ्याला त्या कामाचा अंदाज येतो.

घडवण्याआधी दगड डोंगरातून सुटा करावा लागे, आणि खरी जोखीम तिथे होती. खडकात नैसर्गिक सांधे असतात. ते कुठून कुठे जातात हे ओळखणारा माणूस खाणीत सर्वांत मोलाचा. सांध्याचा अदमास घेऊन लोखंडी पहारेने भोक पाडायचे. एक जण पहार धरून दर ठोक्याला थोडी फिरवणार, दुसरा वरून घण घालणार. भोक पुरेसे खोल गेले की त्यात दारू ठासायची, वात लावायची आणि आरोळी देऊन लांब पळायचे. मोठा चिरा अखंड हवा असेल तर दारूऐवजी ओळीने भोके पाडून त्यांत लोखंडी पाचरा मारायच्या आणि खडक दुभंगेपर्यंत आळीपाळीने ठोकत राहायचे. मग सुतकीने ओबडधोबड आकार आणि टाकीने अखेरचा चेहरा. जे घडवण्यालायक नाही त्याची खडी. ती फोडायला बहुतेक बायका बसत, अनेकदा पोराला शेजारच्या सावलीत निजवून. बंद पडलेल्या कुठल्याही खदानीच्या कड्यावर आजही उभ्या अर्धगोल पन्हाळी दिसतात. त्या सुरुंगाच्या भोकांच्या उरलेल्या बाजू असतात.

महाराष्ट्रात हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले ते प्रामुख्याने वडार समाजाने आणि पाथरवटांनी. वडारांची वडारी बोली तेलुगूच्या नात्यातली. काम मिळेल तिकडे जायचे, पाल ठोकायचे, काम संपले की उठायचे, अशी त्यांची रीत. दगड गाड्यांतून वाहणारे गाडी वडार, मातीकाम करणारे माती वडार, जाती-पाटे-वरवंटे घडवणारे पाथरवट वडार अशा त्यांच्या पोटशाखा. धरणे, विहिरी, रेल्वेचे भराव, किल्ल्यांचे तट, सगळीकडे या लोकांचे हात लागले. एवढे बांधकाम ज्यांनी उभे केले, त्या समाजाच्या वाट्याला इंग्रजी अमलात गुन्हेगारीचा शिक्का आला. आज राज्याच्या यादीत वडारांची नोंद विमुक्त जातींमध्ये आहे. मुंबईच्या उपनगरांतल्या खदानींत वडार कुटुंबांनी हयाती काढल्या. कांदिवली पूर्वेला वडारपाडा हे वस्तीचे नाव त्यामुळेच टिकून आहे.

१८८०च्या दशकातल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये कुर्ल्याचे वर्णन आहे. लोकसंख्या ९,७१५. त्यांतले जवळपास निम्मे गिरणीत कामाला. इथली धरमसी पुंजाभाई यांची गिरणी इलाख्यात सर्वांत मोठी, ९२,०९४ चात्या आणि १,२८० मागांची. बाकीची वस्ती कोळ्यांची, शेतकऱ्यांची आणि मीठ पिकवणाऱ्यांची. राजाबाई टॉवर पुरा होऊन तेव्हा फार वर्षे झाली नव्हती, पण लोकांच्या धंद्यांच्या या यादीत दगड काढणारे नाहीत. गिरणीला दरवाजा होता, भोंगा होता, हजेरीपट होता. १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी ती विकत घेऊन तिला ‘स्वदेशी’ हे नाव दिले आणि ती देशाच्या इतिहासात गेली. गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारखा पुढारी लाभला. १८९० मध्ये त्यांना रविवारची सुटी मिळाली. खाणीतला माणूस ठेकेदाराच्या बोलीवर आणि तुकड्याच्या हिशेबावर काम करणारा, पाल उठले की निघून जाणारा. त्याच्यामागे कागद राहिला नाही. मुंबईच्या कामगारांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गिरणगावावर पुष्कळ लिहिले आणि ते योग्यच झाले. दगडफोड्यांवर तितके लिहायचे अजून बाकी आहे.

विसावे शतक उजाडले आणि दगडाचे काम बदलले. सिमेंट काँक्रीट आल्यावर घडीव चिऱ्याची गरज उरली नाही. काँक्रीटला हवी खडी, आणि खडी हवी ढिगांनी. पूर्वी खाणवाला चांगला थर पाहून दगड निवडी. आता अख्खा डोंगर यंत्रात घातला तरी चाले. १९२०च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या बॅक बे भरावासाठी कांदिवलीची खदान अशीच खणली गेली. त्या योजनेतली उधळपट्टी वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणली, पण तोवर डोंगराचा दगड समुद्रात पडला होता. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कुर्ला बृहन्मुंबईत आले. उपनगरे वाढू लागली आणि चांदिवली-पवईच्या टेकड्यांना सुरुंग लागत राहिले. खडी मशीनचा खडखडाट, झाडांच्या पानांवर बसलेली पांढरट धूळ आणि दुपारी सुरुंगाच्या वेळी हादरणाऱ्या काचा हे त्या भागात बालपण गेलेल्यांच्या आठवणींतले रोजचे जग आहे.

शहर जवळ आले तसे सुरुंग नकोसे झाले. जमिनीचा भाव दगडाच्या भावापेक्षा कितीतरी पुढे गेला आणि एकेक खदान बंद पडली. मुंबईची खडी मग पारसिकच्या डोंगरातून आणि त्याही पलीकडून येऊ लागली. मागे उरले उभे कडे आणि सपाट तळ.

या तळांवर दोन तऱ्हेची शहरे उभी राहिली. पवईला १९८०च्या दशकापासून खाणींच्या जमिनीवर हिरानंदानी गार्डन्सचे उंच मनोरे उठले. चांदिवलीला जुन्या खदानीच्या जागेवर संघर्षनगर झाले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून हटवलेल्या झोपडीवासीयांनी निवारा हक्क सुरक्षा समितीच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षे लढून ही घरे मिळवली; वास्तुविशारद पी. के. दास यांनी त्यांची आखणी केली. दगड काढून झालेल्या जमिनीवर हजारो कष्टकरी कुटुंबे हक्काच्या छपराखाली आली, हे या डोंगरांच्या इतिहासातले सर्वांत समाधानाचे पान आहे.

बाकीचे पान रक्ताने माखलेले आहे. ज्यांना ना मनोरा परवडला ना संघर्षनगर मिळाले, त्यांनी टेकड्यांच्या उतारावर आणि तासलेल्या कड्यांच्या पायथ्याशी घरे बांधली. डोंगर नैसर्गिक उतारावर असतो तेव्हा त्याची माती झाडांच्या मुळांनी धरलेली असते. उतार तासून उभा केला, वरची झाडे गेली, पाणी वाहून न्यायला ओढा उरला नाही, की पावसाचे पाणी खडकाच्या सांध्यांत आणि सुट्या मातीत मुरते. वजन वाढते, धरून ठेवणारे काही नसते आणि एका क्षणी सगळे खाली येते. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून साठहून अधिक माणसे गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी मिठी नदीच्या पुराने साऱ्या देशाचे लक्ष वेधले. त्याच दिवशी साकीनाक्याला मोहिली गावात डोंगराचा भाग घरांवर आला आणि सत्तरहून अधिक माणसे गाडली गेली. १८०८ च्या सनदेतले मोहिली ते हेच. दोन शतकांपूर्वी जागेच्या बदल्यात दिल्या-घेतल्या गेलेल्या गावात जागाच नसलेली माणसे दरडीखाली मेली.

या घटनांना निसर्गाचा कोप म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. डोंगर शहराने खणला, दगड शहराने वापरला, आणि कामाला लागणारी माणसे शहराने बोलावली पण त्यांना राहायला जागा दिली नाही. २०१०च्या सुमारास मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळाने पाहणी केली, तेव्हा डोंगरउतारावरच्या धोकादायक जागा ३२७ भरल्या आणि त्यांवरच्या झोपड्या २२,४८३. त्यांतल्या ९,६५७ तातडीने हलवाव्यात, अशी शिफारस झाली. त्यानंतर बहुतेक ठिकाणी उपाय झाला तो संरक्षक भिंतींचा. दर जूनला पालिका नोटिसा लावते आणि लोक तिथेच राहतात, कारण नोटिशीत पर्यायी पत्ता नसतो.

युनेस्कोने ३० जून २०१८ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा ठरवले. त्यात ९४ इमारती आहेत. राजाबाई टॉवर आणि वस्तुसंग्रहालय त्यांत आहेत. हा मुंबईकरांच्या अभिमानाचा विषय आहे. पण वारसा इमारतीच्या जोत्यापाशी सुरू होत नाही. इंग्लंडमधल्या पोर्टलंड बेटाने लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलला दगड पुरवला. तिथली टाउट ही बंद पडलेली खाण आज शिल्पोद्यान आहे. लोक तिकीट न काढता तिथे फिरतात आणि दगड कुठून कुठे गेला ते समजून घेतात. राजस्थानातल्या मकराण्याच्या संगमरवराला २०१९ मध्ये जागतिक वारसा-दगडाचा मान मिळाला, आणि ताजमहाल कुठल्या दगडाचा हे शाळकरी पोरही सांगते. मुंबईतही उदाहरण आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला १९५२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २००७ मध्ये ती पालिकेच्या वारसायादीत आली, म्हणून खदानवाल्यांच्या आणि बिल्डरांच्या गराड्यातही तिचे सुमारे दोनशे फुटी काळे स्तंभ उभे आहेत.

कुर्ल्यासाठी फार मोठे मागणे नाही. विद्यापीठाने, वस्तुसंग्रहालयाने आणि फुले मंडईची देखभाल करणाऱ्या पालिकेने आपापल्या इमारतीच्या माहितीफलकावर दगड कुठला आणि तो कोणत्या समाजाच्या कारागिरांनी काढला-घडवला, एवढ्या दोन ओळी मराठीत लिहाव्यात. ज्या महात्म्याचे नाव मंडईला आहे, त्यांनी स्वतः बांधकामाचे ठेके घेतले होते आणि राबणाऱ्यांची बाजू जन्मभर मांडली. त्यांच्या नावाच्या मंडईत ही सुरुवात व्हावी हे उचितच. विद्यापीठाच्या इतिहास विभागाने उपनगरांतल्या जुन्या खाणकामगारांच्या आठवणी, ते हयात आहेत तोवर, ध्वनिमुद्रित कराव्यात. चांदिवली-पवईतला एखादा शिल्लक कडा भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि नागरिकांसाठी राखून ठेवावा. आणि या सगळ्याच्या आधी, कड्यांखाली राहणाऱ्या कुटुंबांना नोटिशीसोबत घराचा पत्ता मिळाला पाहिजे. संघर्षनगराने ते करता येते हे दाखवून दिले आहे. ते टाळायला आता कोणालाही सबब उरलेली नाही.